लोककलेच्या ट्रिपा, भिंती आणि प्रदर्शनं: यात घर कसं चालवता? (आणि एका चौकाचा प्रश्न)

गेरू_आणि_मी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची. अप्लाइड आर्ट केलं, मग पाच वर्षं एका एजन्सीत लोगो नि पाकिटं करत बसले. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कुडाळला उतरून पिंगुळीला गेले होते, तिथे ठाकर मंडळींच्या घरी चित्रकथीची पोथी उघडलेली बघितली. एकेक सुटं पान पुढे येतंय, बाजूला हुडूक वाजतोय, पानावरच्या रावणाचे ते एवढाले डोळे आणि पान धरणारे बाबा गातायत, गाता गाता मध्येच थांबून आम्हाला विचारतायत चहा घेणार का म्हणून. परत आले ती महिन्याभरात राजीनामाच दिला. (आई अजून म्हणते, त्यापेक्षा देवदर्शनाला गेली असतीस तर नोकरी तरी राहिली असती.)

तेव्हापासून वर्षाला दोन-तीन ट्रिपा ठरलेल्या. छोटा उदेपूरकडे राठवांच्या घरात पिठोरा बघितला, तिथे चित्र काढलं म्हणत नाहीत, पिठोरा लिहिला म्हणतात आणि लिहिणारा तो लखारा. गोंड चित्रकार जनगढ सिंह श्यामचं गाव पाटणगढ झालं. मधुबनीजवळ जितवारपूरला आठ दिवस राहिले. या सगळ्याचा खर्च निघतो भिंतींवर. बालवाड्या, शाळा, कॅफे, एकदा तर डोळ्यांचा दवाखाना, तिथे डॉक्टरांना फक्त मोर हवे होते, का ते अजून कळलेलं नाही. आणि उरलं तर प्रदर्शन.

परवा बसून गेल्या वर्षाचा हिशोब मांडला. १४ भिंती, ३ ट्रिपा, १ ग्रुप शो. भिंतींतून आलं त्यातलं जवळजवळ निम्मं ट्रिपा आणि शोने खाल्लं. शोमध्ये दोन चित्रं गेली, त्यातलं एक मावशीने घेतलं. शिवाय भिंतींचा सीझन दिवाळी ते मे, आणि गावाकडची लग्नं, जत्रा, जे बघायला जायचं तेही नेमकं तेव्हाच, म्हणजे पैसे असतात तेव्हा वेळ नाही आणि पावसाळ्यात वेळच वेळ, पण तेव्हा ना भिंत ना लग्न.

आता खरा प्रश्न. एका रिसॉर्टचं काम आलंय, साधारण ६०० स्क्वेअर फूट, माझ्यासाठी मोठं. त्यांना रिसेप्शनच्या मागे 'वारली' पाहिजे, आणि नुसतं नाचणारी माणसं नकोत, त्यांनी कुठूनतरी फोटो पाठवलाय तो चक्क लग्नाच्या चौकाचा आहे, म्हणजे वारल्यांच्या घरात लग्नात भिंतीवर लिहितात ते चौकोनी चित्र, मध्ये देवी असलेलं. मी डहाणूकडे दोनदा जाऊन आलेय, हात बसलाय, रेषा जमते. पण मी वारली नाही. घ्यावं का काम? आणि एकूणच तुम्ही हे तीन घोडे एका गाडीला कसे जुंपता ते सांगा प्लीज.

—

परांचीवरचा

आधी भिंत, मग तत्त्वज्ञान.

रिसॉर्ट नवं बांधतायत का? गिलावा ताजा असेल तर २८ दिवस तरी हात लावू नका, मालक कितीही नाचला तरी. ओल्या सिमेंटवर रंग चढवलात की पहिल्या पावसाळ्यात खार फुटतो नि पोपडे येतात, आणि फोन तुम्हालाच येतो. एका पोराने मला सांगितलं होतं काका वारली पांढरीच असते खार दिसणार नाही, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला. जमिनीपासूनचे दोन फूट हाताने चाचपून बघा, तिथे ओल चढत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, आणि ते त्यांच्या खर्चाने. भिंत बाहेरची असेल तर खरा गेरू डिंकात कालवून लावायचा मोह आवरा, एका पावसात वाहून जाईल, त्याच शेडचं एक्स्टीरियर इमल्शन घ्या. गेरूचा रंग मात्र उन्हाला दाद देत नाही, लोखंडाचा ऑक्साइड तो. आधी उडतात ते स्वस्तातले गुलाबी नि पिवळे.

पैशाचं. नुसता स्क्वेअर फुटाचा दर सांगू नका. डिझाइनचे वेगळे, परांची त्यांची, राहणं-जेवण त्यांचं. मी ५० टक्के आधी, ३० अर्ध्यात आणि २० शेवटी घेतो, आणि शेवटचे २० मिळणारच नाहीत असं धरून दर काढतो, मिळाले तर दिवाळी. हे शहाणपण एका बिल्डरने शिकवलंय, तीन मजली भिंत केली आणि शेवटच्या हप्त्याला साहेब म्हणाले बायकोला निळा आवडला नाही.

आता कागद. हे बहुतेक जणांना माहीतच नसतं म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा तो, कलम १७ मध्ये असं आहे की कोणी पैसे देऊन पेंटिंग काढून घेतलं आणि उलट काही ठरलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुम्ही रात्र रात्र जागून केलेली भिंत ते उद्या मगवर, टी-शर्टवर, मेनूकार्डावर छापतील आणि तुम्ही बघत बसाल. उपाय सोपा आहे, कोटेशनमध्येच दोन ओळी टाका की कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि भिंतीखेरीज दुसरीकडे वापरायचं तर वेगळा मोबदला, आणि त्यावर त्यांची सही घ्या. कलम ५७ मात्र कॉपीराइट गेला तरी तुमच्याकडेच राहतं, तुमचं नाव लावण्याचा हक्क आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड ब्राँझ म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं, ते सरकारशी भांडले आणि २००५ साली दिल्ली हायकोर्टाने ते अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख भरपाई. १९७९ ते २००५. तेवढा दम नसेल तर आधीच सही घेतलेली बरी.

चौकाचं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील.

—

निवांत_शेजारी

ताई आमच्या सोसायटीच्या कंपाऊंडला पण काढा की काहीतरी. पैसे नाहीत पण एक्स्पोजर भरपूर, रस्त्यावरच आहे भिंत.

—

परांचीवरचा

@निवांत_शेजारी एक्स्पोजर त्या भिंतीलाच पुष्कळ झालंय, म्हणून तर रंग उडालाय तिचा.

—

तारपा_डहाणू

मी वारली, डहाणू तालुक्यातला. घरात आजी चौक लिहायची, आता आई लिहिते. मी स्वतः चित्रकार नाही, बँकेत आहे, पण चुलत्यांकडे कागदावरचं काम चालतं त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

ताई, नाचाचा गोल काढा, शेती काढा, तारपा (आमचं फुंकायचं वाद्य) काढा, शिकार काढा, मासे पकडणारी माणसं काढा, कोणी काही म्हणणार नाही. चौक नको. लग्नाचा चौक लग्नाशिवाय काढत नाहीत. सवासिणी काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, तेव्हा त्यात पालघट देवी येऊन बसते, मग लग्न. ते डिझाइन नाहीये. तुमच्याकडे कोणी हॉटेलच्या लॉबीत हौसेने अंतरपाट टांगेल का, छान दिसतो म्हणून? तसंच आहे हे. आणि रिसेप्शनच्या मागे म्हणजे लोक तिकडे पाठ करून सेल्फी काढणार, चप्पल घालून.

बाकी लोकांना वाटतं वारली म्हणजे फार पूर्वीपासून कागदावर नि कपड्यावर काढतात. नाही. हे बायकांचं काम होतं, कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा म्हसे गंजाडचे, त्यांनी लग्न-सण नसताना रोज काढायला घेतलं आणि सत्तरच्या दशकात ते बाहेर गेलं, तिथून पुरुष काढायला लागले. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांच्यामुळे आज आमच्याकडची कितीतरी घरं यावर चालतात आणि अडचण तिथेच आहे. तुम्ही घेतलेली ६०० फुटांची भिंत म्हणजे आमच्याकडच्या कोणाचं तरी दोन-तीन महिन्यांचं घर. वारलीला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण जीआय नाव जपतो, रेषा जपत नाही. रेषा कोणीही काढतं, स्टिकर पण मिळतात आता टाइल्सवर चिकटवायचे.

तुम्ही विचारताय हेच बरं आहे, बरेच जण विचारतही नाहीत. राग मानू नका पण अजून एक, ट्रिपेला येणारे लोक येतात, फोटो काढतात, जेवतात, आजीला आजी आजी करतात आणि मग त्यांची तोंडं परत दिसत नाहीत. तुम्ही दोनदा आलात म्हणताय. कोणाकडे आला होतात त्यांना हे काम विचारलंत का?

—

स्पष्टवक्ता_६९

कलेला जात नसते. अजिंठ्याची बाई साडीच्या पदरावर आली, मोर पैठणीवर आले, तेव्हा कोणी परवानगी मागितली? उद्या म्हणाल सुतार नसलेल्याने खुर्ची करू नये. ताई, बिनधास्त घ्या काम, पोटाचा प्रश्न आहे.

—

तारपा_डहाणू

कलेला जात नसते हे खरं. चेक मात्र बरोब्बर आडनाव बघून निघतो.

—

मैथिल_सून

माहेर साताऱ्याचं, सासर दरभंग्याचं, त्यामुळे जितवारपूरचं नाव वाचून लॉगिन केलं.

गंमत सांगते. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारच्या बायकांना काही कमाई व्हावी म्हणून हस्तकला बोर्डाकडून मधुबनीला ज्यांना पाठवलं ते मराठी चित्रकार होते, भास्कर कुलकर्णी. त्यांनी गावोगाव हिंडून बायकांना भिंतीवरचं कागदावर काढायला लावलं, आणि पुढे डहाणूकडे म्हसेंच्या मागे उभे राहिलेले पण तेच. आमच्या सासूबाईंना मी मराठी आहे म्हटल्यावर सगळ्यात आधी आठवले ते कुलकर्णी बाबू, शिवाजी महाराज नंतर. त्यामुळे बाहेरच्याने हातच लावू नये असं मला वाटत नाही, पण कुलकर्णी कागद वाटत होते, स्वतःचं चित्र विकत नव्हते, हा फरक मोठा आहे.

आणि @परांचीवरचा, तुमच्या सहगलांच्या गोष्टीला माझी जोड. मधुबनीच्या चित्रकार गंगा देवींनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये अख्खी खोली रंगवली होती, कोहबर घर (लग्नात नवरा-नवरीसाठी रंगवतात ती खोली), तेव्हा त्या कॅन्सरशी झगडत होत्या. १९९१ ला गेल्या. ते कोहबर पुढे नूतनीकरणात गेलं. मी लग्नानंतर बघायला जाणार होते, राहून गेलं, आणि मग बघायला काही राहिलंच नाही. आमच्या गावात मात्र कोहबराची भिंत दोन-चार वर्षांत सारवली जाते, पुन्हा घरात लग्न निघालं की पुन्हा लिहितात, कोणाला त्याचं काही वाटत नाही. म्युझियममधली भिंत गेली त्याचं वाटतं.

—

काळाघोडा_परतीचा

प्रदर्शनावर कोणी बोललंच नाही म्हणून मी. २० वर्षं यात आहे, पैकी १२ वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे "घर कसं चालवता" चं माझं उत्तर तेच, पगार होता. लाज वाटायचं कारण नाही, नावाजलेल्या लोकांमध्ये पण शिकवणारे कमी नाहीत, फक्त कॅटलॉगमध्ये लिहीत नाहीत.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकला नसेल तर आज टाका. १९५२ पासून उभी आहे, भाडं खाजगी गॅलरीच्या मानाने परवडतं, आणि म्हणूनच रांग काही वर्षांची असते. आधी कामं बघून निवड करतात, मग तारखेची वाट. मधल्या काळात पुण्याला बालगंधर्व कलादालन आहे, कला संचालनालयाचं राज्य प्रदर्शन आहे, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक आहे, ती तर १८८८ पासूनची संस्था, तिथे एक चित्र लागलं तरी बायोडेटाला ओळ मिळते. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्र मांडून बसणारे असतात त्यांच्याशी जाऊन बोला, कोणत्या वारी काय विकतं, परदेशी माणूस काय घेतो, घासाघीस कुठे थांबवायची, हे आत बसलेल्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं.

खाजगी गॅलरी तीस ते पन्नास टक्के कापते. ऐकून पोटात गोळा येतो पण तिच्याकडे घेणारे लोक असतील तर द्या, नुसत्या भिंती नि लाइट असतील तर तेवढं देऊ नका. फ्रेमवर वाहवत जाऊ नका. माझ्या पहिल्या शोला फ्रेमिंगचं बिल विक्रीपेक्षा जास्त झालं होतं, आणि त्या फ्रेमा अजून माळ्यावर आहेत, पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि मला पुन्हा सगळं आठवतं. कागदावरचं काम असेल तर एकच माप ठरवून टाका, त्याच दहा-बारा फ्रेमा फिरवत राहायच्या, आतलं चित्र बदलायचं. काच नको, अॅक्रिलिक, टेम्पोवाला कसाही आदळतो.

कंपन्या तुमच्या भिंतीच्या बिलातून १० टक्के टीडीएस कापत असतील, तो रिटर्न भरून परत मागता का? अर्धे चित्रकार मागत नाहीत. तुमच्या १४ भिंतींत एक ट्रिप तिथेच पडलेली असेल.

आणि एक आगाऊपणा. तुमच्या शोमध्ये काय लावलं होतं? मधुबनीसारखं एक, गोंडसारखं एक, पिठोऱ्यासारखं एक असं असेल तर घेणारा म्हणतो मग मी मधुबनीच घेतो की, मूळ. तुमच्या ट्रिपांच्या वह्या असतील ना, स्केचेस, बसचं तिकीट चिकटवलेल्या, चहाचे डाग पडलेल्या? मी असतो तर त्या लावल्या असत्या.

—

गेरू_आणि_मी

बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

@काळाघोडा_परतीचा बरोब्बर ओळखलंत, तसंच लावलं होतं, एकेक प्रत्येकातलं, फूड कोर्टसारखं. वह्या अकरा आहेत. त्या कोणाला दाखवायच्या असतात हे डोक्यातच आलं नव्हतं, त्यात मागच्या पानांवर किराण्याच्या याद्या पण आहेत. टीडीएसचं नवऱ्याला विचारलं, तो हसला आणि म्हणाला २६ एएस बघ (कापलेल्या कराचा उतारा तो), बघितलं, ट्रिप नाही पण येण्याजाण्याची तिकिटं नक्की निघतील.

@तारपा_डहाणू राग कसला. तुमचा शेवटचा प्रश्न लागला मात्र, कारण नव्हतं विचारलं. ज्या घरी उतरले होते तिथल्या काकूंना काल फोन केला. त्यांचा मुलगा आणि सून दोघं काढतात. चौकाचं ऐकल्यावर काकू नुसत्या हसल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, लग्न कोणाचं आहे, रिसॉर्टचं?

आज क्लायंटला मेल केलाय की चौक होणार नाही, त्याऐवजी भाताची लावणी ते मळणी अशी लांब पट्टी होईल, ते दोघं मुख्य कलाकार असतील, भिंतीवर त्यांची नावं आधी, माझं डिझाइन-लेआउट आणि भिंतीची तयारी, दोन वेगळी बिलं. कॉपीराइटच्या दोन ओळी पण टाकल्या. उत्तर आलंय की "बजेटमध्ये बसत असेल तर हरकत नाही, पण देवीचं काहीतरी ठेवा ना, गेस्टना आवडतं". म्हणजे गाडी अजून तिथेच आहे. नाही म्हणून परत लिहिलंय. काम जाईल किंवा राहील, या आठवड्यात कळेल.

@परांचीवरचा गिलावा सहा महिन्यांचा आहे, पण डाव्या कोपऱ्यात हात लावला तर गार लागतो. मागे बाथरूम आहे.

—

परांचीवरचा

मागे बाथरूम असेल तर डावा कोपरा रिकामा ठेवा किंवा प्लंबरला बोलवा, मधला मार्ग नाही. आणि हे लेखी कळवा, तारीख टाकून, फोटोसकट.

—

तारपा_डहाणू

मुलगा आणि सून दोघांचं वेगवेगळं नाव लावा, "आणि कुटुंब" नको. सुनेचं आधी लावलंत तर अजून बरं, मूळ काम बायकांचंच.

मे महिन्यात आमच्याकडे मावसबहिणीचं लग्न आहे. चौक बघायचा असेल तर या. कॅमेरा नको. चौकाला हात लावायचा नाही, तो सवासिणीच लिहितील, पण तांदूळ वाटायला माणसं लागतात.

—

गेरू_आणि_मी

येते. मे मध्ये दोन शाळा घेतल्यायत पण बघते काहीतरी. किती दिवस आधी येऊ?

—

तारपा_डहाणू

दोन. डहाणू रोडला उतरून फोन करा, रिक्षावाल्याला मी सांगतो नाहीतर तो तुम्हाला समुद्रावर नेईल.